भिंत न फोडता वरच्या मजल्यावर इंटरनेट: घरातली कोणती जुनी वायर कामाला येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला दुमजली बंगला, २००९ च्या आसपासचं बांधकाम. फायबरचा राउटर खाली हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. वरच्या मागच्या बेडरूममध्ये सुनेचं ऑफिसचं काम चालतं आणि तिथे वायफायची जेमतेम एक काडी दिसते, तीही येते-जाते. घराला नुकताच रंग दिलाय, त्यामुळे भिंतीला छिन्नी लागता कामा नये ही घरच्यांची अट. लॅनची वायर कुठेच टाकलेली नाही. पण प्रत्येक खोलीत टेलिफोनचा पॉइंट आहे, आणि हॉलमध्ये व वरच्या दोन्ही बेडरूममध्ये गच्चीवरच्या डिशची केबल उतरलेली आहे. डिश बंद होऊन बरीच वर्षं झाली. दुकानदार म्हणतो, विजेच्या प्लगमधून नेट नेणारी जोडी घ्या. न्यू जर्सीतला भाऊ म्हणतो, टीव्हीच्या केबलवर चालणारे मोका ॲडॉप्टर घे, माझ्याकडे मस्त चालतात. शिवाय अंगणातल्या आउटहाउसपर्यंत जमिनीखालून टेलिफोनची जुनी वायर गेलेली आहे, तिचा काही उपयोग होईल का, हा जोडप्रश्न.

भावाचं म्हणणं दुकानदारापेक्षा बरोबर आहे. पण पैसे खर्च करण्याआधी एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि हॉलच्या व त्या बेडरूमच्या टीव्ही-टेलिफोनच्या प्लेटा उघडून आत बघा. माझ्या अनुभवात अशा घरांत भिंतीतल्या वायरीपेक्षा ती वायर ज्या पाइपातून गेली आहे तो पाइप जास्त मोलाचा असतो. डिश बंद आहे म्हणजे तिच्या केबलचं आता घरात काहीच काम नाही. ती ओढून निघाली तर तिच्याच जागी लॅनची वायर जाईल आणि बाकी सगळी चर्चा संपेल. नाही निघाली तर तीच केबल आहे तिथे ठेवून मोका. तेही जमलं नाही तर टेलिफोनची वायर. विजेची वायर सगळ्यात शेवटी. हा क्रम का, ते पुढे सांगतो.

प्लेट उघडल्यावर काय बघायचं? केबल पीव्हीसी पाइपातून बाहेर येते की थेट प्लास्टरमधून, हे पहिलं. पाइप दिसला तर त्याचं तोंड सिमेंटने बुजलंय का, ते बोटाने चाचपा. मग केबल हलक्या हाताने ओढून बघा. एक-दोन इंच पुढे-मागे सरकली तर चांगलं लक्षण. दगडासारखी घट्ट असेल तर मध्ये कुठेतरी ती प्लास्टरमध्ये पुरलेली आहे किंवा वळणावर अडकली आहे. एक जण गच्चीवर आणि एक खोलीत उभं राहून हे केलं तर जास्त नीट कळतं: खाली ओढलं की वर हलतंय का? केबलच्या बाहेरच्या वेष्टनावर छापलेलं वाचा. ‘आरजी ६’ असं काहीतरी असेल. टेलिफोनच्या वायरीचं वेष्टन थोडं सोलून आत किती तारा आहेत आणि त्या जोडीजोडीने पिळलेल्या आहेत का तेही बघा. वायरिंगचा नकाशा कोणाकडेच नसतो, आणि ज्याने वायरिंग केलं तो वायरमन आता कुठे आहे हेही कोणाला माहीत नसतं. त्यामुळे ही अर्ध्या तासाची तपासणी म्हणजेच तुमचा नकाशा.

डिशच्या वायरिंगची एक गंमत आहे, जी भावाच्या अमेरिकेतल्या घरात नसते. तिकडे केबल टीव्हीचं वायरिंग बहुधा एका ठिकाणी, तळघरात किंवा गॅरेजमध्ये, स्प्लिटरवर एकत्र येतं आणि तिथून खोल्याखोल्यांत जातं. आपल्याकडे डिशसाठी प्रत्येक सेट टॉप बॉक्सची स्वतंत्र केबल थेट गच्चीवरच्या छत्रीपर्यंत जाते. म्हणजे तुमच्या हॉलची केबल गच्चीवर जाते आणि मागच्या बेडरूमचीही गच्चीवरच जाते. हॉल ते बेडरूम अशी सरळ केबल नाही, पण हॉल ते गच्ची ते बेडरूम असा रस्ता तयार आहे. गच्चीवर ही दोन टोकं एकमेकांना जोडली की झालं काम.

आता आधी ओढून बघण्याबद्दल. लॅनची कॅट ६ वायर साधारण ६ मिलिमीटर जाड असते, आरजी ६ सुमारे ७. म्हणजे जिथून डिशची केबल गेली तिथून लॅनची वायर जायला जागेची अडचण नाही. जुनी केबल हीच ओढण्याची दोरी. गच्चीवरच्या टोकाला नवी वायर बांधायची आणि खालून ओढायचं. बांधताना एकच काळजी: सांधा जाड नको. लॅन वायरीचं वेष्टन वीतभर सोला, चारपैकी दोन जोड्या कापून टाका, उरलेल्या दोन जुन्या केबलच्या तांब्याभोवती आणि जाळीभोवती लांबवर गुंडाळा, वरून टेप ताणून लावा म्हणजे सांधा निमुळता होईल. गाठ मारली तर ती पहिल्याच वळणावर अडकते, आणि अडकून तुटली की जुनी केबलही गेली आणि पाइपही. ओढणारा ओढेल तेव्हा वरचा माणूस ढकलेल, दोघांनी फोनवर बोलत ताल धरायचा. टाल्कम पावडर भरपूर लावा. तेल, ग्रीस नको, त्याने वेष्टन खराब होतं. चार जोड्यांच्या लॅन वायरीला सुमारे ११ किलोपेक्षा जास्त ताण द्यायचा नसतो. भिंतीला पाय लावून ओढायची वेळ आली तर थांबा. वायर बाहेर येईलही, पण आतल्या जोड्यांचा पीळ बिघडलेला असेल आणि १०० मेगाबिटच्या वर वेग कदाचित जाणार नाही. आणि वायरीबरोबर एक नायलॉनची दोरीही ओढून आत ठेवा. पुढच्या वेळी हे सगळं करावं लागणार नाही.

वायर घेताना पूर्ण तांब्याची घ्या. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच वायरींत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. वजन उचलूनच फरक कळतो, आणि टोक सुरीने खरवडलं की आत पांढरं दिसतं. ती टोकाशी तुटते, आणि पुढे कधी वायरीतूनच वीज देऊन कॅमेरा किंवा ॲक्सेस पॉइंट (वायरीवरचं नेट वायफायने देणारी पेटी) चालवायचा म्हटलं तर ती तापते. कॅट ५ई सुद्धा चालेल. १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत तिच्यावर आरामात जातं आणि घरात १०० मीटर कुठेच लागत नाही. कॅट ७ वगैरे लिहिलेली महाग चपटी वायर घेऊ नका. घराला तिचा उपयोग नाही आणि तिला कनेक्टर नीट बसत नाही.

ओढायचा बेत असेल तर फायबरवाल्यालाही एकदा विचारा. राउटर हॉलमध्येच हवा असं कुठे आहे? त्याच पाइपातून फायबर वर नेऊन सगळी पेटी वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी बसवली तर सुनेच्या खोलीला आणि खालच्या हॉललाही एकाच राउटरने पुरण्याची शक्यता आहे. घरात आणायची फायबर लॅन वायरीपेक्षा बारीक असते, तिचं कनेक्टरचं डोकं तेवढं जाड असतं. म्हणून ती बिनकनेक्टरची ओढायची आणि मग टोकाला जागेवरच कनेक्टर बसवायचा, हे त्यांचं रोजचं काम आहे. फक्त फायबर करकचून वाकवायची नाही आणि दाराच्या फटीत चेपायची नाही. बऱ्याच घरांत मी एवढंच करून घ्यायला सांगतो.

केबल निघालीच नाही, तर मोका. मोका म्हणजे टीव्हीच्या कोॲक्स केबलवरून लॅन चालवायचं तंत्र. दोन्ही टोकांना एकेक छोटी पेटी, तिला एका बाजूने कोॲक्स, दुसऱ्या बाजूने लॅन. सध्या मिळणाऱ्या २.५ आवृत्तीत कागदावर २.५ गिगाबिटपर्यंत वेग आहे, आणि चांगल्या केबलवर प्रत्यक्षातही तो १ गिगाबिटच्या वर जातो. जाण्या-येण्याला ३ ते ५ मिलिसेकंद लागतात, आणि महत्त्वाचं म्हणजे ते तेवढेच राहतात, हेलकावत नाहीत. व्हिडिओ कॉलला वेगापेक्षा हा स्थिरपणा हवा असतो. कॉलला ३-४ मेगाबिट पुरतात, पण मध्येच अर्धा सेकंद काही आलं नाही की बोलणारा माणूस पुतळा होतो.

अडचण अशी की मोका ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि डिशच्या छत्रीवरून सेट टॉप बॉक्सला येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो. दोन्ही एकमेकांच्या अंगावर. म्हणजे चालू डिशच्या केबलवर मोका लावता येत नाही. शिवाय सेट टॉप बॉक्स त्याच केबलवरून छत्रीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो, ते मोकाच्या पेटीत गेले तर पेटी बिघडू शकते. तुमची डिश बंद आहे म्हणून तुमचं नशीब चांगलं. ज्या घरात एका खोलीत डिश अजून चालू आहे, तिथे ती केबल तशीच सोडायची आणि उरलेल्या रिकाम्या केबल वापरायच्या. केबलवाल्याचा टीव्ही मात्र या पट्ट्याच्या खाली, साधारण ८६० मेगाहर्ट्झपर्यंत असतो, म्हणून त्याच्यासोबत मोका एकाच वायरीवर नांदू शकतं, पण मध्ये ॲम्प्लिफायर असेल तर तो मोका अडवतो आणि स्प्लिटर १६७५ मेगाहर्ट्झपर्यंतचा लागतो. इमारतीत केबलवाल्याची लाइन असेल तर तुमचा सिग्नल शेजारी जाऊ नये म्हणून प्रवेशाशी मोकाचा फिल्टर बसवावा लागतो आणि पेटीत पासवर्ड घालावा लागतो.

तुमच्याकडे काम गच्चीवर आहे. छत्रीच्या पुढच्या दांडीवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, लावलेले कनेक्टर सोडवा. इतकी वर्षं उन्हापावसात राहिल्यामुळे मधली तार हिरवट झालेली असेल आणि जाळी काळी पडलेली असेल. ते टोक वापरू नका. स्वच्छ चकचकीत जाळी दिसेपर्यंत केबल कापत जा. कधी चार इंच, कधी हातभर कापावी लागते, कारण पाणी जाळीतून आत चढतं. मग नवा एफ कनेक्टर बसवा, पिळून बसवायचा नको, दाबून बसवायचा घ्या. मधली तार कनेक्टरच्या कडेच्या किंचित बाहेर आली पाहिजे आणि जाळीचा एकही केस तिला शिवता कामा नये. माझ्या पाहण्यात मोका न चालण्याचं सर्वांत मोठं कारण तो केस असतो. बसवल्यावर मल्टिमीटरने मधली तार आणि कनेक्टरचं बाहेरचं धातू यांच्यामध्ये शॉर्ट नाही ना ते बघा. मधली तार पोलादी आणि वर तांब्याचा मुलामा अशी असेल तर घाबरू नका. एवढ्या उच्च वारंवारतेला विद्युतप्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो, त्यामुळे इथे तो मुलामा चालतो. (लॅनच्या वायरीबद्दल वर उलट सांगितलं, कारण तिथे तक्रार तुटण्याची आणि तापण्याची आहे.) दोन्ही टोकं दुतर्फा जोडणीने जोडा आणि तो सांधा प्लास्टिकच्या बंद डबीत, तोंड खाली करून ठेवा. नुसता टेप गुंडाळलात तर दोन पावसाळ्यांत पुन्हा वर जावं लागेल. वाटेत कुठे जुना स्विच किंवा स्प्लिटर राहिला असेल तर काढून टाका.

अंतराची काळजी नको. आरजी ६ मध्ये १ ते १.५ गिगाहर्ट्झला १०० मीटरमागे वीस-पंचवीस डेसिबल सिग्नल गळतो. हॉल ते गच्ची ते बेडरूम असं ४० मीटर धरलं तरी दहाच्या आसपास गळती, आणि मोकाच्या पेट्या याच्या कितीतरी पट गळती सोसतात. ॲडॉप्टर गल्लीतल्या दुकानात मिळणार नाहीत, ऑनलाइन मागवावे लागतील किंवा भाऊ येताना घेऊन येईल. येताना आणले तर त्यांचा चार्जर २३० व्होल्ट घेतो का ते त्यावर वाचा. बहुतेकांवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, मग फक्त पिनांचा कन्व्हर्टर लागतो.

टेलिफोनची वायर. तिच्याबद्दल आशा ठेवा, पण प्लेट उघडल्यावर. काही बिल्डरांनी टेलिफोनसाठीच चार जोड्यांची कॅट ५ टाकलेली असते आणि दोनच तारा वापरलेल्या असतात. तसं निघालं तर लॉटरी लागली समजा, दोन्ही टोकांना लॅनचे सॉकेट बसवा. टी५६८बी पद्धतीने: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. फक्त एक बघा: टेलिफोनची वायर बऱ्याचदा एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी फिरवलेली असते. लॅनला असे फाटे चालत नाहीत. प्रत्येक मधल्या खोलीत तो सांधा तोडून दोन वायरी सरळ जोडाव्या लागतील किंवा तिथे छोटा स्विच ठेवावा लागेल.

दोनच पिळलेल्या जोड्या असतील तर १०० मेगाबिट मिळेल. १ आणि २ या पिनांवर एक जोडी, ३ आणि ६ वर दुसरी. इथे एक खोच आहे, जिच्यापायी लोक वायर खराब आहे म्हणून सोडून देतात. दोन्ही बाजूंची यंत्रं गिगाबिटची असली तर ती याच दोन जोड्यांवरून आपसात बोलून गिगाबिट ठरवून टाकतात, आणि मग प्रत्यक्ष सुरू करताना उरलेल्या दोन जोड्या सापडत नाहीत. काही यंत्रं शहाणी असतात आणि आपोआप १०० वर उतरतात. काहींचा दिवा लागतो-विझतो, लागतो-विझतो. अशा वेळी एका बाजूला सेटिंगमध्ये वेग १०० वर बांधायचा, किंवा मध्ये १०० मेगाबिटचा जुना स्विच टाकायचा. दिवा स्थिर होतो.

न पिळलेल्या दोन साध्या तारा असतील तर त्यांच्यावर लॅन चालणार नाही, पण व्हीडीएसएल२ ची एक्स्टेंडर जोडी किंवा टेलिफोन वायरीसाठीचं जी.एचएन चालतं, म्हणजे साध्या तारांवरून नेट नेणाऱ्या पेट्यांच्या जोड्या. घरातल्या अंतरात व्हीडीएसएल२ वर १०० मेगाबिटच्या आसपास अपेक्षा ठेवा. एका पेटीवर मास्टर आणि दुसरीवर स्लेव्ह असं बटण असतं, दोन्ही एकाच बाजूला ठेवलंत तर काही होणार नाही. कोणतंही काम करण्याआधी लँडलाइनची लाइन बाहेरच्या रोझेट बॉक्समधून तोडून टाका. तिच्यावर ४८ व्होल्ट डीसी असतात आणि घंटी वाजताना त्यावर ७५-९० व्होल्ट एसी येतात. लँडलाइन बंद केली असली तरी कधीकधी वायर एक्स्चेंजपर्यंत जोडलेलीच असते.

आता दुकानदाराच्या प्लगवाल्या जोडीकडे, म्हणजे पॉवरलाइन. मी तिला वाईट म्हणत नाही. भाड्याच्या घरात, जिथे प्लेट उघडायचीही परवानगी नाही, तिथे तिच्यासारखी सोय नाही: दोन प्लग लावले, जोडीचं बटण दाबलं, झालं. पण खोक्यावरच्या ६००, १२००, २००० या आकड्यांवर जाऊ नका. ती दोन्ही दिशांची बेरीज असते, प्रयोगशाळेतली. घरात तिच्या एक तृतीयांश मिळालं तर खूप, आणि ६०० लिहिलेल्या बऱ्याच जोड्यांचा लॅनचा पोर्टच मुळात १०० मेगाबिटचा असतो.

आपल्या घरांत मुख्य अडचण इन्व्हर्टरची. राउटर तुम्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर लावलेला असणार, नाहीतर वीज गेली की नेट गेलं. आणि वर बेडरूममध्ये मोकळा सॉकेट बहुधा टेबलाखालचा, तो साध्या लाइनवर. म्हणजे एका ॲडॉप्टरचा सिग्नल इन्व्हर्टरच्या पोटातून फिरून दुसऱ्याकडे पोचायला हवा. फार कमी पोचतो. पोचला तरी वीज गेली की वरचा ॲडॉप्टर बंद. नेमकं महावितरणचं भारनियमन चालू असताना सुनेची मीटिंग असते. दोन्ही ॲडॉप्टर इन्व्हर्टरच्याच लाइनवर घेतले तर सिग्नल चांगला मिळतो, पण स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर बॅटरीवर गेला की लाइनवर एवढा गोंधळ घालतो की वेग कोसळतो. प्युअर साइन वेव्हचा असेल तर बरं.

दुसरी अडचण तीन फेजची. बंगल्याला तीन फेज असतील आणि खालचा मजला एका फेजवर, वरचा दुसऱ्यावर असेल, तर सिग्नल एका फेजवरून दुसऱ्यावर डीबीत (विजेच्या मुख्य वाटप पेटीत) वायरी शेजारीशेजारी असतात तेवढ्याच आधारावर ओलांडतो. लागलं तर लागलं. अर्थिंग नीट नसेल तर तोही तोटा, कारण नव्या पिढीचे ॲडॉप्टर फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही वापरून वेग वाढवतात. आणि मग घरातली गोंगाट करणारी मंडळी: स्वस्त मोबाइल चार्जर, एलईडीचे हलके ड्रायव्हर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मिक्सर. संध्याकाळी दिवे लागले की नेट मंद होतं अशी तक्रार आली तर मी राउटरकडे बघत नाही, दिव्यांकडे बघतो.

तरीही हेच घ्यायचं ठरलं तर ॲडॉप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. स्पाइक गार्ड असलेल्या एक्स्टेंशनमध्ये लावला तर तो गार्ड सिग्नललाच स्पाइक समजून गिळतो. ज्याच्या अंगावर पुन्हा सॉकेट असतो तसा ॲडॉप्टर घ्या आणि एक्स्टेंशन त्याच्या अंगावर लावा, त्याच्या आत गाळणी असते. इमारतीत राहणाऱ्यांनी जोडीचं बटण दाबून स्वतःची किल्ली बनवणं विसरू नये, नाहीतर शेजाऱ्याचा तसाच ॲडॉप्टर तुमच्या नेटवर्कमध्ये येऊन बसू शकतो. आणि दुकानदाराकडून परत घेण्याची बोली करून घ्या. घरात लावून बघितल्याशिवाय कोणीही छातीठोक सांगू शकत नाही, मीही नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका. विजेच्या पाइपात जागा आहे म्हणून त्यातून लॅनची वायर ओढू नका. वायरमन म्हणेल, काही होत नाही साहेब. त्या पाइपात वळणावर सोललेली २३० व्होल्टची वायर असेल तर तो करंट लॅनच्या वायरीतून सुनेच्या लॅपटॉपपर्यंत जाईल.

वायर कोणतीही असो, मुख्य राउटर खालीच राहिला तर वर दुसरा राउटर किंवा ॲक्सेस पॉइंट लागेलच. जुना राउटर पडलेला असेल तर चालतो. त्यात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा. नसेल तर तीन कामं: त्याचा पत्ता बदलून मुख्य राउटरच्या ओळीतला पण वेगळा करा, म्हणजे मुख्याचा १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, आणि मुख्य राउटरकडून आलेली वायर वॅनच्या नाही, लॅनच्या पोर्टला लावा. हे न केल्यामुळे घरात दोन नेटवर्क तयार होतात आणि मग वरच्या मोबाइलला खालचा प्रिंटर सापडत नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, २.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल मात्र वेगळा, खाली १ तर वर ६ किंवा ११. वायरीविना पुढे सिग्नल फेकणारा एक्स्टेंडर मी सुचवत नाही. साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर घेतो आणि देतो, वेग निम्म्यावर येतो, आणि तुमच्या दोन मजल्यांमध्ये लोखंडी सळ्यांचा स्लॅब आहे. मेश, म्हणजे एकमेकांशी मिळून एकच वायफाय देणाऱ्या पेट्या, घेतलंत तरी दोन्ही पेट्या वायरीने जोडा, आणि त्यांना वायर लागली आहे हे ॲपमध्ये दिसतंय ना ते बघा. काही पेट्या वायर आणि वायफाय दोन्हीवरून एकमेकांना धरून बसतात, मग नेटवर्कमध्ये चक्र तयार होतं आणि सगळं घर ठप्प.

तपासणी इंटरनेटच्या स्पीड टेस्टने करू नका, त्यात बाहेरचं सगळं मिसळतं. एक लॅपटॉप खाली राउटरला वायरीने, दुसरा वर वायरीने, आणि दोन्हींवर आयपर्फ३, म्हणजे दोन यंत्रांमधला वेग मोजणारा प्रोग्राम. आकडा स्थिर आहे का बघा. मग वरून राउटरला पिंग लावून दहा मिनिटं सोडा, त्यात मिक्सर चालवा, दिवे लावा, इन्व्हर्टर मुद्दाम बॅटरीवर टाका. त्यात टिकलं तर टिकलं.

आता आउटहाउस. जमिनीखालच्या त्या टेलिफोन वायरीवर व्हीडीएसएल२ ची जोडी चालेल, वेगही पुरेसा मिळेल. तरी मी ती वापरणार नाही. दोन वेगळ्या इमारतींच्या मध्ये जमिनीतून किंवा हवेतून तांबं नेलं की वळवाच्या विजा त्याला शोधत येतात. वीज थेट पडायला हवी असंही नाही, आसपास पडली तरी वायरीत एवढा दाब तयार होतो की दोन्ही टोकांच्या पेट्या जातात आणि राउटरला सोबत घेऊन जातात. शिवाय बंगल्याचं अर्थिंग वेगळं, आउटहाउसचं वेगळं, त्या फरकाचा ताण दोन्ही टोकांच्या पेट्यांवर येतो. दोन इमारतींच्या मध्ये फायबरच हवी. ती काचेची असल्यामुळे वीज तिच्यातून येत नाही. मात्र लोखंडी तार असलेली, खांबावर लटकवायची फायबर घ्याल तर ती तार दोन्ही टोकांना आत आणू नका, बाहेरच कापा.

जुनी टेलिफोन वायर पाइपातून गेली असेल तर तीच ओढून फायबर आत घ्या. थेट मातीत पुरली असेल तर एक अरुंद चर खणून एचडीपीई पाइप टाका, अंगणात छिन्नी लागणार नाही, कुदळ लागेल, त्याला घरच्यांची हरकत नसावी. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन यांना जोडणाऱ्या पेट्या, लागतील, सिंगल मोडचे. एकाच फायबरवर चालणारी जोडी घेणार असाल तर त्यातला एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा बरोबर उलट. दुकानात ए आणि बी अशी जोडी मागून घ्या. दोन्ही ए आणलेत तर फायबरचा दिवा लागणार नाही आणि दोष विनाकारण सांध्यावर जाईल.